आठ आणि अठरा : एमआयटी ओपनकोर्सवेअरवर भौतिकशास्त्र शिकताना

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या अमेरिकी संस्थेत विभागांचा उल्लेख नावापेक्षा क्रमांकाने करण्याची जुनी रीत आहे. भौतिकशास्त्राचा क्रमांक आठ आणि गणिताचा अठरा. त्यापुढे दशांश चिन्ह देऊन विषयाचा आकडा येतो. हे सगळे विषय जगाला फुकट उपलब्ध करून देण्याची घोषणा संस्थेने एप्रिल २००१ मध्ये केली, पुढच्या वर्षी ५० अभ्यासक्रमांनिशी चाचणी सुरू झाली आणि आज ‘ओपनकोर्सवेअर’ या नावाखाली अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रमांचे साहित्य तेथे आहे. या सेवेचे कौतुक बहुधा आठ क्रमांकाच्या व्याख्यानांमुळे होते, कारण त्यांत प्रयोग आहेत, नाट्य आहे आणि क्वांटम मेकॅनिक्ससारखी आकर्षक नावे आहेत. पदवीच्या पातळीचे भौतिकशास्त्र स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्याला यातला खरा ऐवज मात्र अठरा क्रमांकात सापडतो, असे माझे मत आहे. अठराकडे आधी वळले नाही, तर आठच्या व्याख्यानांचा बराचसा उपयोग करमणुकीवरच थांबतो.

ही सेवा नेमके काय देते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही, प्रवेशाची अट नाही. व्याख्यानांचे व्हिडिओ, टिपणे, गृहपाठाचे प्रश्न, जुन्या परीक्षांचे पेपर आणि अनेक विषयांत त्यांची उत्तरे मिळतात, आणि ती उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही वापरता येतात. प्रमाणपत्र मात्र मिळत नाही, शिक्षकाशी संपर्क होत नाही आणि वही कोणी तपासत नाही. साहित्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे: श्रेय द्यावे, पैसे कमवू नयेत आणि त्यावरून केलेले कामही त्याच अटींवर खुले ठेवावे. आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातील शिक्षकाने त्या टिपणांवरून विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपणे तयार करायची ठरवली, तर एवढ्या अटी पाळून (आणि संस्थेने इतरांकडून घेतलेला मजकूर वगळून) त्याला कोणाकडे परवानगी मागण्याची गरज नाही. ही सोय फारशी कोणी वापरत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली आहे आणि भौतिकशास्त्राकडे नोकरी स्थिरावल्यानंतर परतले. माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिला ‘जॅम’ ही आयआयटीतील एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. आम्ही दोघींनी हे अभ्यासक्रम वेगवेगळ्या हेतूंनी वापरले, त्यामुळे या परीक्षणात हौशी वाचक आणि परीक्षार्थी या दोघांचाही विचार आहे.

सुरुवातीच्या १८.०१ या एकचल कलनशास्त्राबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण बारावीचे गणित नीट झालेल्या विद्यार्थ्याला त्यातला बराच भाग परिचित वाटेल. डेव्हिड जेरिसन पहिल्याच तासात एकभागिले-क्षच्या वक्राला स्पर्शिका काढतात आणि ती दोन्ही अक्षांबरोबर जो त्रिकोण करते, त्याचे क्षेत्रफळ स्पर्शबिंदू कुठेही घेतला तरी दोनच येते, हे दाखवतात. विकलनाचे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही हा प्रश्न पहिल्यांदा जड जातो. कारण अडचण कलनशास्त्राची नसून एकाच आकृतीतल्या दोन निरनिराळ्या क्षंना वेगवेगळी नावे देण्याची असते. नेमक्या अशाच गोंधळामुळे पुढे भौतिकशास्त्राची गणिते चुकतात. त्याहून प्राथमिक तयारी हवी असेल तर हर्बर्ट ग्रॉस यांची १९७० साली चित्रित केलेली कृष्णधवल व्याख्यानेही तेथे आहेत. ती आज जुनाट दिसतात, पण त्यांतली सावकाश, न घाबरवणारी मांडणी मला अनेक नव्या व्हिडिओंपेक्षा उजवी वाटते.

खरा कस लागतो तो १८.०२ या बहुचल कलनशास्त्रात. २००७ सालच्या शरद सत्रातील ही व्याख्याने दनी ऑरू या फ्रेंच गणितज्ञाने दिली आहेत. ते फळा इतक्या वेगाने पुसतात, की त्या पुसण्याचीच इंटरनेटवर थट्टा झाली. विषयाची मांडणी मात्र कमालीची धीमी आणि नेटकी आहे. या अभ्यासक्रमातली एक जागा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अजिबात चुकवू नये, ती म्हणजे परस्परावलंबी चलांवरचे व्याख्यान. आपल्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या उष्मागतिकीच्या पुस्तकात आंशिक विकलजाला कंस घालून त्याच्या पायाशी एखादे अक्षर लिहिलेले असते. दाब स्थिर ठेवला की आकारमान स्थिर ठेवले, हे ते अक्षर सांगते, आणि त्यावरच मॅक्सवेलचे चारही संबंध उभे असतात. ते अक्षर मुळात का लागते, हे मात्र तेथे क्वचितच समजावलेले आढळते. ऑरू यांनी ते एका तासात समजावले आहे. तीन चलांमध्ये एक बंधन असेल, तर ‘क्ष बदलला’ एवढे सांगून भागत नाही. कोणते चल स्थिर राहिले हेही सांगावे लागते, आणि ते बदलले की उत्तरही बदलते. हे एकदा पटले, की उष्मागतिकीतील निम्मी पाठांतरे अनावश्यक ठरतात.

अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध संपूर्णपणे विद्युतचुंबकत्वाची तयारी आहे, असे म्हटले तरी चालेल. आधी प्रतलातला ग्रीनचा प्रमेय कार्य आणि अभिवाह (फ्लक्स) अशा दोन्ही रूपांत येतो. मग तेच दोन विचार त्रिमितीत नेले, की एकातून स्टोक्सचा आणि दुसऱ्यातून डायव्हर्जन्सचा प्रमेय निघतो. अखेरीस मॅक्सवेलची समीकरणे फळ्यावर येतात, तेव्हा ती नवी गोष्ट म्हणून येत नाहीत. आमच्या अभियांत्रिकीच्या वर्गात हे तिन्ही प्रमेय स्वतंत्र पाठांसारखे शिकवले गेले होते, आणि परीक्षेत ‘पडताळा पाहा’ अशा एकाच प्रकारच्या प्रश्नापुरते ते उरले होते. ग्रेडियंट समपातळीच्या पृष्ठभागाला लंब का असतो, हे येथे सिद्ध होते. त्यानंतर विद्युतक्षेत्र समविभव पृष्ठभागांना लंब असते हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.

१८.०३, म्हणजे अवकल समीकरणे, हा विषय आर्थर मॅटक यांनी २००३ सालच्या वसंत सत्रात शिकवला आहे. चित्रण जुने आहे, मोठ्या पडद्यावर अक्षरे पुसट दिसतात, पण शिकवण्याची पद्धत आजही ताजी आहे. आपल्याकडे अवकल समीकरणे प्रकारांनुसार शिकवली जातात: चले वेगळी करता येणारी, समघाती, यथार्थ, बर्नूलीचे, आणि प्रत्येक प्रकाराची ठरलेली युक्ती. मॅटक पहिल्या तासात सूत्राने सोडवण्यावर भर देत नाहीत. प्रतलावर प्रत्येक बिंदूपाशी उताराची छोटी रेघ काढायची आणि त्या रेघांच्या कलाने जाणारा वक्र शोधायचा, हे ते आधी शिकवतात. दुसऱ्या तासात हेच काम ऑयलरच्या रीतीने आकडेमोड करून होते. निसर्गात समोर येणाऱ्या बहुतेक समीकरणांची उत्तरे सूत्रात बसत नाहीत, तेव्हा उत्तराचा आकार ओळखता येणे ही भौतिकशास्त्रज्ञाची रोजची गरज आहे, आणि ती त्याला पहिल्याच दिवशी शिकवावी हा निर्णय मला फार योग्य वाटतो.

पुढे बलकृत दोलन येते, तेव्हा कोसाइनला संमिश्र घातांकाचा वास्तव भाग मानून सगळे गणित संमिश्र संख्यांत करण्याची रीत ते इतक्या वेळा वापरून घेतात, की ती हातात बसते. अनुनाद, अवमंदन, प्रत्यावर्ती विद्युतमंडल आणि पुढे श्रॉडिंगरचे समीकरण, हे सगळे त्याच रीतीने वाचता येते. लाप्लास रूपांतराबद्दलही एक सुंदर तास आहे. बहुतेक पुस्तके ते आकाशातून पडल्यासारखे देतात; मॅटक घातश्रेढीपासून निघतात, पूर्णांकी घातांकांच्या बेरजेऐवजी सलग घातांकांचे संकलन घेतात, पाया घातांकीय रूपात लिहितात, आणि रूपांतर आपोआप समोर येते. कोष्टक पाठ करण्याची सवय लागलेल्या अभियंत्याला हे पाहून काय वाटते, ते मी येथे लिहीत नाही.

आता १८.०६, गिल्बर्ट स्ट्रँग यांचे रेषीय बीजगणित. स्ट्रँग १९६२ पासून एमआयटीत शिकवत होते आणि मे २०२३ मध्ये त्यांनी तेथील शेवटचे व्याख्यान दिले. ओपनकोर्सवेअरवरची प्रसिद्ध मालिका मात्र १९९९ सालची आहे. तिच्या पहिल्या व्याख्यानात ते अगदी साधी दोन समीकरणे घेतात: दोन क्ष वजा य बरोबर शून्य, आणि उणे क्ष अधिक दोन य बरोबर तीन. शाळेत आपण प्रत्येक समीकरणाची एक रेषा काढतो आणि त्या जिथे छेदतात तो बिंदू, म्हणजे क्ष एक आणि य दोन, हे उत्तर वाचतो. स्ट्रँग याला ओळींचे चित्र म्हणतात आणि लगेच बाजूला सारतात. त्यांना स्तंभांचे चित्र दाखवायचे असते: ‘दोन, उणे एक’ हा एक सदिश आणि ‘उणे एक, दोन’ हा दुसरा, पहिला एकदा आणि दुसरा दोनदा घेऊन बेरीज केली, की ‘शून्य, तीन’ मिळतो. समीकरण सोडवणे म्हणजे दिलेल्या सदिशांचे योग्य मिश्रण शोधणे, हा विचार तेथून अखेरपर्यंत सुटत नाही, आणि क्वांटम मेकॅनिक्समधील अध्यारोपण पुढे याच विचाराने समजते.

या उदाहरणापाशी थोडे थांबावे, कारण आठ आणि अठरा यांचा संबंध एवढ्या थोड्या जागेत इतका स्वच्छ मला अन्यत्र दिसला नाही. त्या दोन समीकरणांची मॅट्रिक्स अशी आहे: वरच्या ओळीत दोन आणि उणे एक, खालच्या ओळीत उणे एक आणि दोन. आता गणित बाजूला ठेवून दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तीन सारख्या स्प्रिंगांनी जोडलेली दोन सारखी वजने डोळ्यांसमोर आणावीत. पहिल्या वजनावर डावी स्प्रिंग आणि मधली स्प्रिंग अशी दोन बले आहेत, म्हणून न्यूटनचा दुसरा नियम लिहिला की त्याचे स्वतःचे विस्थापन दोनने गुणले जाते आणि शेजाऱ्याचे उणे एकने. दुसऱ्या वजनाचेही तसेच. म्हणजे मॅट्रिक्स तीच. तिच्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सने गुणल्यावर काही सदिश दिशा न बदलता जितक्या पट होतात, त्या संख्या) एक आणि तीन येतात. पहिलीत दोन्ही वजने एकाच दिशेने हलतात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. दुसरीत ती विरुद्ध दिशांना हलतात, मधली स्प्रिंग दुप्पट ताणली जाते, आणि वारंवारता पहिलीच्या वर्गमूळ-तीन पट, म्हणजे सुमारे १.७३ पट होते. आयगेनव्हॅल्यू ही केवळ निश्चयक सोडवून काढायची संख्या नसून व्यवस्थेची स्वतःची चाल आहे, हे समजायला याहून मोठे उदाहरण लागत नाही. स्ट्रँग यांच्या पहिल्या तासातली मॅट्रिक्स घेऊन हे गणित वहीत स्वतः करून पाहिल्याशिवाय ८.०३ सुरू करू नये, असे मी कोणालाही सांगेन.

कारण ८.०३, म्हणजे कंपने आणि लहरी, नेमके हेच काम वाढवत नेते. येन-जिए ली यांची २०१६ सालची ही व्याख्याने आठ क्रमांकाच्या मालिकांपैकी मला सर्वांत उपयुक्त वाटली. एक दोलक, मग जोडलेले दोन, मग अनेक, मग अनंत, आणि शेवटी लहरीचे समीकरण, असा त्यांचा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर वर्गात प्रत्यक्ष प्रयोग होतो आणि त्याआधी फळ्यावर मॅट्रिक्स लिहिलेली असते. फूरिए श्रेणी येथे येते तेव्हा ती प्रकृत दोलनांची, म्हणजे व्यवस्थेच्या स्वतःच्या चालींची, बेरीज म्हणून येते, सूत्र म्हणून नाही. ज्याने १८.०३ आणि १८.०६ केले आहे त्याला हा अभ्यासक्रम प्रवाही वाटतो. ज्याने केलेले नाही त्याला प्रयोग तेवढे आठवतात.

बाकीच्या आठबद्दल माझे मत इतके उत्साही नाही. ८.०१ या यामिकीच्या अभ्यासक्रमाची एका अतिशय लोकप्रिय प्राध्यापकाची व्याख्याने जुन्या शिफारसींत अजूनही आढळतात. संस्थेने चौकशीअंती लैंगिक छळाच्या कारणावरून ती डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. सध्या तेथे २०१६ सालची, लहान लहान तुकड्यांत विभागलेली नवी मांडणी आहे. ती व्यवस्थित आहे, काहीशी कोरडी आहे, आणि जेईईची तयारी केलेल्या मुलांना त्यातले प्रश्न युक्तीच्या दृष्टीने सोपे वाटतील. तरीही त्यांनी ते सोडवावेत, कारण येथे चार पर्यायांपैकी एक निवडायचा नसतो. कोणती व्यवस्था निवडली, कोणती बले धरली, हे वाक्यांत लिहायचे असते. ८.०२ या विद्युतचुंबकत्वाच्या अभ्यासक्रमासाठी व्हिडिओंच्या मागे न लागता २००७ सालच्या अभ्यासक्रमाची लिखित टिपणे घ्यावीत, ती भरघोस आणि सचित्र आहेत.

व्हिडिओंबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मोठ्या सभागृहातील व्याख्यानांना उपस्थिती घसरत होती आणि नापासांचे प्रमाण अधिक होते, म्हणून एमआयटीच्याच भौतिकशास्त्र विभागाने २००० नंतरच्या वर्षांत जॉन बेल्चर यांच्या पुढाकाराने पहिल्या वर्षाच्या अध्यापनाची पद्धत बदलली. गोल टेबलांभोवती गटाने बसून, प्रयोग आणि गणिते करत शिकण्याची ती पद्धत आहे. म्हणजे ज्या स्वरूपाच्या व्याख्यानांवर आपण इतके लुब्ध असतो, ते तिथल्या विद्यार्थ्यांना पुरत नाही असे खुद्द त्या विभागाने ठरवले होते. घरी एकट्याने पडद्यासमोर बसणाऱ्याला ते पुरेल, असे मानण्यास काही आधार नाही.

८.०४ हा क्वांटम मेकॅनिक्सचा पहिला अभ्यासक्रम दोन रूपांत आहे. २०१३ सालच्या अ‍ॅलन अ‍ॅडम्स यांच्या मालिकेतले पहिले व्याख्यान जवळजवळ समीकरणाशिवाय आहे: इलेक्ट्रॉनला ‘रंग’ आणि ‘कठीणपणा’ असे दोन काल्पनिक गुण देऊन ते मोजणाऱ्या पेट्या एकापुढे एक ठेवायच्या, आणि रंग मोजल्यावर कठीणपणाची माहिती कशी पुसली जाते हे पाहायचे. हे व्याख्यान कोणीही पाहावे; माझ्या घरी वाणिज्य शाखेच्या माणसानेही ते शेवटपर्यंत पाहिले. बार्टन झ्वीबाख यांची २०१६ सालची मालिका क्वांटम मेकॅनिक्सची रेषीयता या मुद्द्यापासून सुरू होते आणि तिथून आपला सूर सोडत नाही. परीक्षेच्या दृष्टीने आणि पुढच्या अभ्यासाच्या दृष्टीने मी झ्वीबाख यांना निवडीन. अ‍ॅडम्स पाहून विषय समजल्याचे जे समाधान मिळते, ते पहिला गृहपाठ हाती घेईपर्यंत टिकते.

याच ठिकाणी अठराची एक उणीवही उघड होते. स्ट्रँग यांचा अभ्यासक्रम मुख्यतः वास्तव संख्यांवर चालतो. संमिश्र सदिश आणि हर्मिटियन मॅट्रिक्स यांना त्यात साधारण एका व्याख्यानाची, तीही वाटून घेतलेली, जागा मिळते. क्वांटम मेकॅनिक्समध्ये मात्र याच वस्तू पहिल्या आठवड्यापासून लागतात. अमूर्त सदिश अवकाश, द्वैत अवकाश, डिरॅकची ब्रा-केट चिन्हे यांची तयारी १८.०६ मधून होत नाही. ती तूट ८.०५ या क्वांटम मेकॅनिक्सच्या पुढच्या अभ्यासक्रमात झ्वीबाख स्वतः भरून काढतात: मध्येच थांबून ते रेषीय बीजगणित पुन्हा, या वेळी भौतिकशास्त्रज्ञाच्या गरजेनुसार शिकवतात, आणि त्यांची लिखित टिपणे त्या भागापुरती तरी एखाद्या पाठ्यपुस्तकाची जागा घेतील इतकी चांगली आहेत. माझ्या भाचीला मी १८.०६ नंतर ८.०४ च्या आधी ही टिपणे वाचायला दिली. एमआयटीच्या क्रमाला ते धरून नाही, पण तिला सोयीचे झाले.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. लातूरच्या किंवा चिपळूणच्या मुलाला अमेरिकी इंग्रजीची धास्ती असते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना ती अधिक असते. पण ऑरू फ्रेंच आहेत, झ्वीबाख पेरूचे आणि ली तैवानचे. तिघांचेही इंग्रजी आपल्या मातृभाषेच्या वळणाचे, सावकाश आणि साध्या शब्दांचे आहे. इंग्रजी उपशीर्षके आणि अनेक ठिकाणी संपूर्ण लिखित मजकूरही मिळतो. अडते ते भाषेने नव्हे, वेळेने. एमआयटीत यांपैकी बहुतेक विषय १२ युनिटांचे आहेत, म्हणजे आठवड्याला १२ तास काम अपेक्षित धरलेले आहे, आणि त्यातला मोठा भाग वर्गाबाहेर गृहपाठावर जातो. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहून सत्र संपवणारा विद्यार्थी त्या १२ तासांतले दोनच तास करत असतो.

गृहपाठ हाच या सेवेचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. १८.०२ आणि १८.०३ यांची प्रश्नसंच-उत्तरांची जोडी उत्तम आहे; २०११ पासून स्वतंत्र अभ्यास करणाऱ्यांसाठी ज्या ‘स्कॉलर’ आवृत्त्या आल्या, त्यांत प्रत्येक भागापाठोपाठ प्रश्न आणि सोडवून दाखवणारे छोटे व्हिडिओ आहेत, म्हणून निवड असेल तेथे तीच आवृत्ती घ्यावी. सगळीकडे मात्र असे नाही. काही अभ्यासक्रमांत प्रश्न आहेत पण उत्तरे नाहीत; १८.०६ चे बरेच गृहपाठ पाठ्यपुस्तकातील प्रश्नांच्या क्रमांकांवर अवलंबून आहेत, त्यामुळे पुस्तकाची ती आवृत्ती जवळ नसेल तर अडचण होते. आणि उत्तरे असली तरी ती फक्त शेवट जुळला की नाही, एवढेच सांगतात. आपली सिद्धता कुठे पोकळ आहे, कोणते गृहीतक नकळत घुसले आहे, हे सांगणारा माणूस येथे नाही. मी ही उणीव गंभीर मानते. ती दोघांनी मिळून अभ्यास केल्याने बरीच भरून निघते: एकीने सोडवायचे आणि दुसरीने उत्तरपत्रिका न पाहता ते तपासायचे. आमच्या बाबतीत चुका जास्त कोणी पकडल्या, हा घरगुती प्रश्न आहे.

साहजिकच तुलना एनपीटीईएलशी होते, जो आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा संयुक्त उपक्रम आहे. तेथे परीक्षा आहे, शुल्क भरून प्रमाणपत्र आहे, दर आठवड्याला तपासले जाणारे गृहपाठ आहेत आणि आपल्या विद्यापीठांत त्यांचे श्रेयांकही मिळू शकतात. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची अभिजात भौतिकी आणि क्वांटम भौतिकीवरील व्याख्याने विचारांच्या खोलीत एमआयटीच्या कोणत्याही मालिकेला मागे टाकतील, असे मी निःसंकोच म्हणेन. पण ती ऐकणाऱ्याकडून गणिताची तयारी आधीच झालेली असण्याची अपेक्षा करतात. ती तयारी करून घेणारी, क्रमाने लावलेली चार अभ्यासक्रमांची साखळी मला अठरामध्येच मिळाली, आणि म्हणून या दोन्ही सेवा एकमेकींना पर्याय नाहीत.

जॅमच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटी थोडे व्यवहाराचे. त्या परीक्षेच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात गणितीय पद्धतींचा जो विभाग आहे, त्यात एक आणि अनेक चलांचे कलनशास्त्र, आंशिक विकलन, जॅकोबियन, टेलर विस्तार, फूरिए श्रेणी, सदिश कलनशास्त्र आणि त्याचे तीन प्रमेय, पहिल्या कोटीची आणि स्थिर सहगुणकांची दुसऱ्या कोटीची रेषीय अवकल समीकरणे, मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या येतात. १८.०१ ते १८.०३ आणि १८.०६ चा पूर्वार्ध अधिक आयगेनव्हॅल्यूंचा भाग एवढ्यात हे जवळजवळ सगळे येते. दोन सत्रे हाताशी असतील तर पहिल्यात १८.०२ आणि १८.०६, दुसऱ्यात १८.०३ आणि ८.०३ असे जोडीने घ्यावे. एकच सत्र असेल तर ८.०३ सोडावे, १८.०२ सोडू नये. घन अवस्था भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स हे जॅममधले भाग वर सांगितलेल्या साखळीत कुठेच येत नाहीत. त्यांच्यासाठी महाविद्यालयातली नेहमीची पुस्तके आणि मागील वर्षांचे पेपर घ्यावेत, आणि ते काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.